समुद्राच्या पाण्याचं आरओ मॉडेल वीज कमीच दाखवतंय? आधी शेवटचं एलिमेंट तपासा

लक्षण नेहमी सारखंच असतं. एम.टेक.चा प्रकल्प असो की टेंडरआधीचा अंदाज, कोणीतरी एक्सेलमध्ये किंवा पायथॉनमध्ये समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या आरओ प्लांटचं मॉडेल बांधतं आणि उत्तर येतं घनमीटरमागे १.१ युनिट, फार तर १.२. चालू प्लांटचे आकडे मात्र ३ ते ४ युनिटच्या घरात. मग गाईड विचारतात, "उरलेली वीज गेली कुठे?" त्यावर मॉडेलमध्ये एक 'फाउलिंग फॅक्टर' (मेम्ब्रेनवर, म्हणजे क्षार अडवणाऱ्या पडद्यावर, घाण साचून घटलेली क्षमता दाखवणारा गुणक) घुसवला जातो. तो ०.८५ वरून ०.६ वर, तिथून ०.४ वर उतरतो. आकडा जुळला की फाइल बंद. पुढे पाण्याचं तापमान किंवा रिकव्हरी (आत आलेल्या पाण्यापैकी गोडं होऊन निघणारा हिस्सा) बदलली की मॉडेल पुन्हा तोंडावर पडतं, आणि तोच प्रश्न नव्याने विचारला जातो.

फाउलिंग फॅक्टरला सगळ्यात शेवटी हात लावायचा. दोष बहुतेक वेळा त्याच्या कितीतरी आधी असतो, आणि तो शोधायला सॉफ्टवेअर उघडायचीही गरज नसते.

आधी तोंडी हिशोब

एक घनमीटर पाण्यावर एक बार दाब चढवायला १०० किलोज्यूल लागतात, म्हणजे १/३६ युनिट. बारमधल्या दाबाला ३६ ने भागा, आदर्श पंपाची घनमीटरमागची वीज मिळाली. हा ३६ पाठच करून ठेवा.

लिटरमागे ३५ ग्रॅम क्षार असलेल्या पाण्यातून ५० टक्के गोडं पाणी काढायचं तर थर्मोडायनॅमिक्सची किमान मागणी १.०६ युनिट. मेनाकेम एलिमेलेक आणि विल्यम फिलिप यांनी २०११ साली 'सायन्स'मध्ये मांडलेला हा आकडा सगळ्यांना ठाऊक असतो. त्याच लेखातला दुसरा आकडा आपल्याला जास्त कामाचा आहे: १.५६ युनिट. पंप आदर्श, ऊर्जा परत मिळवणारं यंत्र आदर्श, मेम्ब्रेन हवं तेवढं लावा. तरीही एकाच टप्प्यात, एकाच स्थिर दाबावर चालणारा आरओ या खाली जात नाही. कारण व्हेसलच्या (एलिमेंट, म्हणजे मेम्ब्रेनच्या गुंडाळ्या, ओळीने बसवलेल्या नळीच्या) शेवटी जे ब्राइन, म्हणजे घट्ट खारं पाणी, उरतं, निदान त्याच्या ऑस्मॉटिक दाबाएवढा (खारं पाणी गोड्या पाण्याला ज्या जोराने ओढतं तेवढा) दाब पहिल्या एलिमेंटपासूनच द्यावा लागतो.

आता आपलं उदाहरण. मुंबई महापालिकेच्या मनोरीच्या प्रस्तावित प्रकल्पाची (रोज २० कोटी लिटर, पुढे ४० कोटीपर्यंत वाढवता येईल असा) चर्चा असल्यामुळे अरबी समुद्राचंच पाणी घेऊ. क्षारता किलोमागे ३६ ग्रॅम, तापमान २८ अंश. एका व्हेसलमध्ये ८ इंची सात एलिमेंट, प्रत्येकाचं क्षेत्रफळ ३७ चौरस मीटर. व्हेसलला ताशी ८.०७ घनमीटर फीड (आत जाणारं पाणी), रिकव्हरी ४५ टक्के, म्हणजे ताशी ३.६३ घनमीटर पर्मिएट (पलीकडे येणारं गोडं पाणी) आणि सरासरी फ्लक्स १४ एलएमएच (दर चौरस मीटर मेम्ब्रेनमधून ताशी १४ लिटर). या पाण्याचा ऑस्मॉटिक दाब साधारण २७ बार. रिकव्हरी ४५ टक्के असली की ब्राइन १.८२ पट घट्ट होतं, आणि घट्ट ब्राइनमध्ये दाब क्षारतेपेक्षा किंचित जास्त वेगाने चढतो; तो ५०.६ बारच्या आसपास जातो. ५०.६ भागिले ३६ म्हणजे १.४. तुमच्या मॉडेलमधल्या आरओ भागाची वीज याच्या खाली असेल, तर मेम्ब्रेन चांगलं आहे असा अर्थ काढू नका. मॉडेल चुकलंय.

१.१ येतो कुठून?

बहुतेक जण असं करतात: मेम्ब्रेनची पारगम्यता, म्हणजे 'ए', १.०७ एलएमएच प्रति बार. १४ एलएमएच हवेत, म्हणून निव्वळ दाब (ऑस्मॉटिक दाब वजा जाता उरणारा) १३ बार. त्यात फीडचे २७ बार मिळवले की झाले ४०. ४० भागिले ३६, उत्तर १.११. हिशोब सुबक आहे. फक्त ४० बारवर सातव्या एलिमेंटमधल्या ५० बारच्या ब्राइनमधून एक थेंबही पलीकडे जाणार नाही. उलट गोडं पाणीच मागे ओढलं जाईल.

हे लक्षात आलं की माणूस सरासरी घ्यायला जातो. पुस्तकात लॉगरिदमिक सरासरीचं सूत्र असतं: एक भागिले (एक वजा रिकव्हरी) याचा नैसर्गिक लॉग, भागिले रिकव्हरी. ४५ टक्क्यांना ते १.३३ येतं. त्यावर ऊर्जा-पुनर्प्राप्ती यंत्रातल्या मिसळीमुळे फीड अडीच टक्के जास्त खारट धरा, मेम्ब्रेनच्या पृष्ठावरच्या क्षारसाचणीसाठी ९ टक्के चढवा, व्हेसलमधल्या दाबघटीचा अर्धा भाग आणि पर्मिएटचा १ बार उलट दाब मिळवा. फीडचा दाब ५५ बार येतो. छान वाटतं. पण अजूनही तीन बार कमीच आहे.

का, ते नीट बघण्यासारखं आहे. लॉग सरासरी गृहीत धरते की सातही एलिमेंट सारखंच पाणी देतात. प्रत्यक्षात पहिल्याला निव्वळ दाब भरपूर मिळतो, ते भसाभसा पाणी काढतं, आणि त्यामुळे पुढच्यांच्या वाट्याला लवकरच घट्ट ब्राइन येतं. क्षेत्रफळाच्या हिशोबाने बघितलं तर मेम्ब्रेनचा मोठा भाग सरासरीपेक्षा खारट पाण्यात बसलेला असतो. एकेक एलिमेंट घेऊन पुढे सरकत गेलात, तर आपल्या उदाहरणात फ्लक्स साधारण असा उतरतो: २६.५, २१.५, १७, १३, ९, ६.५ आणि शेवटी ४ एलएमएच. फीडचा दाब लागतो ५८ बारच्या जरा वर. सातवं एलिमेंट जेमतेम ४ बार निव्वळ दाबावर तग धरून असतं.

(गंमत म्हणजे लॉगऐवजी साधी अंकगणिती सरासरी घेतली तरी उत्तर ५८ च्या जवळ येतं. निव्वळ योगायोग. रिकव्हरी बदलली की तोही सुटतो.)

तेव्हा पहिला उपाय हा: मॉडेल निदान एलिमेंटनिहाय करा. सूक्ष्म डिफरन्शियल समीकरणं मांडायलाच हवीत असं नाही. सात ओळींची शीट पुरते. आणि तिच्या शेवटच्या ओळीत निव्वळ दाब वेगळ्या रंगात दाखवा. मॉडेल खरं बोलतंय की नाही हे त्या एका चौकटीवरून बरंचसं कळतं. तो आकडा ऋण असेल तर पुढचं काहीच वाचू नका. तो १० बारच्या वर असेल तर एक तर दाब उगाच जास्त दिलाय, नाहीतर ऑस्मॉटिक दाब कमी मोजला गेलाय.

ऑस्मॉटिक दाब मोजताना

व्हान्ट हॉफचं सूत्र मिठाच्या ३५ ग्रॅम प्रति लिटर द्रावणाला २५ अंशांवर २९.७ बार देतं. समुद्राच्या त्याच क्षारतेचा खरा दाब साधारण २६ बार. म्हणजे इथे चूक उलट दिशेची, वीज जास्त दाखवणारी. ती दुसरी चूक झाकते आणि म्हणून वर्षानुवर्षं सापडत नाही. ऑस्मॉटिक गुणांक, म्हणजे या आदर्श सूत्राला लावायची दुरुस्ती, वापरा (मिठाला ०.९२ च्या आसपास, समुद्राच्या पाण्याला जरा कमी), आणि ब्राइनच्या क्षारतेलाही तोच गुणांक तसाच लावू नका, घट्ट पाण्यात तो वाढतो. दोन आयन मोजायचं विसरणारेही भेटतात. त्यांचा दाब थेट निम्मा येतो, आणि तो लगेच डोळ्यात भरतो म्हणून फारसा धोक्याचा नाही.

खरा धोका मीटरमध्ये आहे. हातातला स्वस्त टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) मीटर विद्युतवाहकतेला ०.५ ने गुणून आकडा दाखवतो. ३५ क्षारतेच्या समुद्राची वाहकता २५ अंशांवर ५३ मिलिसीमेन्स प्रति सेंटिमीटर, ०.५ ने गुणलं की २६.५ ग्रॅम. पाव भाग क्षारता तिथेच गायब झाली, म्हणजे सहा-सात बार! नळाच्या पाण्यासाठी बरा असलेला गुणक समुद्राला चालत नाही. तिथे तो ०.६६ च्या जवळ आहे. फील्डवरून 'टीडीएस २७,०००' असा आकडा आला की मूळ वाहकता मागून घ्या. पावसाळ्यात खाडीच्या तोंडाशी क्षारता खरंच उतरते, त्यामुळे असा आकडा लगेच खोटा ठरवताही येत नाही.

'ए' कुठल्या हिशोबाने काढला?

हा दोष सगळ्यात चिवट आहे, कारण इथे प्रत्येक पायरी स्वतंत्रपणे बरोबर दिसते.

डेटाशीटवर समुद्री मेम्ब्रेनची चाचणी साधारण अशी असते: मीठ ३२ ग्रॅम प्रति लिटर, दाब ५५ बार, २५ अंश, एलिमेंटची रिकव्हरी ८ टक्के. समजा ३७ चौरस मीटरचं एलिमेंट दिवसाला २८ घनमीटर देतं. फ्लक्स झाला ३१.५ एलएमएच. फीडचा ऑस्मॉटिक दाब २५ बार वजा केला तर निव्वळ दाब ३० आणि 'ए' १.०५. पण चाचणीतसुद्धा पृष्ठावर क्षार साचतात आणि फीड वाटेत घट्ट होत जातं. ते धरलं तर पृष्ठावरचा दाब साडेसत्तावीस, निव्वळ दाबही तेवढाच, आणि 'ए' १.१५.

दोन्ही आकडे वापरता येतात. पण ज्या पद्धतीने 'ए' काढला तीच मॉडेलमध्ये हवी. १.१५ घेऊन क्षारसाचणी न धरणारं मॉडेल चालवलंत तर वीज कमी दिसणार, १.०५ घेऊन साचणी धरलीत तर एकाच गोष्टीचा दंड दोनदा. कोणी दुसऱ्याच्या प्रबंधातला 'ए' उचलून आणतं तेव्हा हमखास असं होतं. तिसरा प्रकार म्हणजे फ्लक्सला थेट ५५ ने भागणं. मग 'ए' ०.५७ येतो आणि मॉडेल विजेचा डोंगर उभा करतं.

साचणीचा गुणक काढायला मेम्ब्रेन कंपन्यांच्या मॅन्युअलमध्ये सोपं सूत्र आहे: ई चा घात ०.७ गुणिले रिकव्हरी. यातली रिकव्हरी एका एलिमेंटची असते, व्हेसलची नव्हे. १२ टक्के टाकलेत तर गुणक १.०९; सगळ्या व्हेसलचे ४५ टक्के टाकलेत तर १.३७. शेवटच्या एलिमेंटला तर तो १.०२ च्या आसपासच असतो, कारण तिथे फ्लक्सच नाही. ज्यांना फिल्म थिअरीतून (पृष्ठालगतच्या पातळ थरावरून साचणी काढण्याच्या पद्धतीतून) जायचंय त्यांनी शेरवूड संख्येचं, म्हणजे वस्तुमान-वहनाचं, सूत्र स्पेसर (मेम्ब्रेनच्या थरांमधली जाळी) भरलेल्या वाहिनीचं घ्यावं. रिकाम्या नळीचं सूत्र इथे लागू पडत नाही. ०.०६५ गुणिले रेनॉल्ड्सचा ०.८७५ वा घात गुणिले श्मिटचा ०.२५ वा घात, हे शॉक आणि मिकेल यांचं १९८७ सालचं सूत्र आजही चालतं. पाण्याचा वेग सेकंदाला १५ सेंटिमीटर धरला तर वस्तुमान-वहनाचा गुणांक सेकंदाला ४ गुणिले १० चा उणे पाचवा घात मीटर, म्हणजे १५० एलएमएचच्या आसपास यायला हवा. तुमचा १५ किंवा १,५०० येत असेल तर एककं तपासा. पारगम्यतेचंही तेच: १ एलएमएच प्रति बार म्हणजे २.७८ गुणिले १० चा उणे बारावा घात, मीटर प्रति सेकंद प्रति पास्कल.

तापमानाबद्दल फार आशा नको

पाणी एक अंशाने तापलं की 'ए' साधारण ३ टक्क्यांनी वाढतो. सूत्रात तापमान केल्विनमध्ये घाला आणि चिन्ह तपासा. गरम पाण्यात 'ए' कमी होताना दिसला तर चिन्ह उलटं पडलंय. २५ वरून २८ अंशांवर गेल्यावर 'ए' ९ टक्क्यांनी सुधारतो, म्हणून वीजही ९ टक्के वाचेल असं धरणारी मॉडेल्स मी बरीच पाहिली आहेत. तसं होत नाही. निव्वळ दाबात सव्वा बार वाचतो, त्यातला अर्धा-पाऊण बार ऑस्मॉटिक दाबाची वाढ आणि शेवटच्या एलिमेंटची तंगी खाऊन टाकतात. ५८ बारमध्ये हाती लागतो पाऊण बार, तोही नशीब असेल तर. शिवाय गरम पाण्यात क्षार जास्त निसटतात.

नव्या 'सुपर' मेम्ब्रेनबद्दलही हेच. एमआयटीतल्या एका गटाने २०१४ साली दाखवलं होतं की पारगम्यता तिप्पट झाली तरी समुद्री आरओची वीज १५ टक्क्यांच्या आसपासच उतरते. उरलेली वीज ऑस्मॉटिक दाबाची आहे, मेम्ब्रेनच्या हातात नाही. तुमचं मॉडेल तिप्पट 'ए'ला निम्मी वीज दाखवत असेल, तर ते समुद्राचं मॉडेलच नाही.

ऊर्जा-पुनर्प्राप्ती आणि पंप

प्रेशर एक्स्चेंजरसारखं यंत्र असेल तर हाय प्रेशर पंप सगळ्या फीडला दाब देत नाही. तो पर्मिएटएवढंच पाणी उचलतो, त्यावर यंत्राच्या वंगणात गळणारं दीड-दोन टक्के. बाकीचं फीड ब्राइनकडूनच दाब घेतं आणि बूस्टर पंप फक्त मधली घट भरून काढतो. तरीही अनेक मॉडेल्समध्ये जुनं टर्बाइनचं गणित दिसतं: सगळ्या फीडची वीज काढायची, तीतून '९५ टक्के परत' वजा करायची. आपल्या आकड्यांवर तसं केलं तर अडीच युनिट येतात, कारण पंपाची अकार्यक्षमता जो प्रवाह पंपातून गेलाच नाही त्यालाही लागते.

बरोबर हिशोब असा. ५८.३ भागिले ३६ म्हणजे १.६२. कार्यक्षमता: पंप ८८ टक्के, मोटर ९६, व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारं यंत्र) ९७, गुणाकार ०.८२. म्हणजे १.९८, आणि गळतीसकट २.०२. बूस्टरला तीन बारची घट, पर्मिएटच्या १.२२ पट प्रवाह, ०.१३ युनिट. आरओचा भाग झाला २.१५. फीड पंपाचे ४ बार सगळ्या फीडवर लागतात, म्हणजे प्रत्येक घनमीटर पर्मिएटमागे २.२२ घनमीटर पाण्यावर: आणखी ०.३२. समुद्रातून उपसा, गाळणी आणि तयार पाणी शहरापर्यंत ढकलणं धरलं की तिनाचा आकडा ओलांडला जातो. गाईड विचारतात ती 'उरलेली वीज' ही. प्लांटच्या जाहीर आकड्याशी तुलना करताना कुंपण कुठे घातलंय ते आधी विचारा; आरओ ब्लॉकचा आकडा आणि मीटरवरचा आकडा शेजारी ठेवून काही निष्पन्न होत नाही. हाय प्रेशर पंपाच्या सक्शनला मिळणारा दाब वजा केलात तर तो देणारा फीड पंप मोजायला विसरू नका.

८८ टक्के हा मोठ्या पंपाचा आकडा आहे. कॉलेजच्या आवारातल्या, ताशी दहा घनमीटरच्या संचाला तो लावला की मॉडेल पुन्हा आशावादी होतं.

एक्स्चेंजरमध्ये ब्राइन आणि ताजं फीड थोडं मिसळतं हे वर आलंच. मिसळ ६ टक्के असेल तर क्षारतेतली वाढ: ०.०६ गुणिले ०.५५ गुणिले ०.८२, म्हणजे २.७ टक्के. लहान दिसते, पण तिच्यापायी शेवटच्या एलिमेंटला सव्वा बार मोजावा लागतो.

सॉल्व्हर फिरतच राहतो

वरच्या मिसळीमुळे मॉडेलमध्ये वळसा तयार होतो: मेम्ब्रेनचं फीड ब्राइनवर अवलंबून, ब्राइन फीडवर. त्यात घातांकी क्षारसाचणी. न्यूटन पद्धतीला सगळी समीकरणं एकदम दिली आणि पहिला अंदाज ४० बारचा दिला, की शेवटच्या एलिमेंटमध्ये फ्लक्स ऋण, पुढच्या पायरीला प्रवाह ऋण, मग ऋण संख्येचा लॉग आणि स्क्रीनभर 'नॅन' ('ही संख्याच नाही').

यावर लोकांचा आवडता इलाज म्हणजे निव्वळ दाब शून्याखाली जाऊच द्यायचा नाही. हा इलाज करू नका. मेलेलं एलिमेंट शून्य फ्लक्सवर शांत बसतं, मॉडेल कन्व्हर्ज होतं, आणि दोष दिसेनासा होतो. शिवाय ऑप्टिमायझरला तिथे उतारच सापडत नाही.

त्याऐवजी दाब ठरवा, पहिल्या एलिमेंटपासून पुढे चालत जा, प्रत्येक एलिमेंटचा फ्लक्स शून्य आणि 'ए' गुणिले दाब यांच्या मध्ये बायसेक्शनने (मधलं अंतर दरवेळी निम्मं करत) शोधा. शेवटी रिकव्हरी मोजा. दाब वाढला की रिकव्हरी वाढते, यात शंका नाही. म्हणून बाहेरचा शोधही बायसेक्शननेच करा, खालची मर्यादा हव्या त्या रिकव्हरीच्या ब्राइनचा ऑस्मॉटिक दाब, वरची ८० बार. फीडची क्षारता समुद्राच्या १.०२५ पटीने सुरू करा, तीन-चार फेऱ्यांत ती स्थिरावते. सगळं बार, एलएमएच आणि ग्रॅममध्ये ठेवा. उणे बाराव्या घाताचे आकडे आणि ५८ लाख पास्कल एकाच मॅट्रिक्समध्ये कोंबले की चांगला सॉल्व्हरही अडखळतो. पायोमो या पायथॉन लायब्ररीवर बांधलेलं मुक्त स्रोताचं सॉफ्टवेअर वॉटरटॅप वापरणाऱ्यांनाही हाच सल्ला: अशा सोप्या शीटमधून आलेले आकडे सुरुवातीचा अंदाज म्हणून द्या.

पर्मिएट फारच गोडं येतंय

हा विजेचा दोष नव्हे, पण त्याच मॉडेलमध्ये सापडतो. डेटाशीटवरचं ९९.८ टक्के रिजेक्शन (अडवल्या जाणाऱ्या क्षारांचं प्रमाण) सातही एलिमेंटला लावलं की पर्मिएटची क्षारता लिटरला १०० मिलिग्रॅमच्या आसपास येते. रिजेक्शन हा मेम्ब्रेनचा स्थिरांक नाही. स्थिरांक आहे 'बी', म्हणजे क्षारांसाठीची पारगम्यता, आपल्या उदाहरणात २५ अंशांवर ०.०५८ एलएमएच. क्षार आपल्या गतीने झिरपत राहतात, पाणी कमी आलं की ते कमी पाण्यात मिसळतात. सातव्या एलिमेंटमध्ये ४ एलएमएच फ्लक्स आणि पृष्ठावर ६७ ग्रॅम, तर तिथलं पर्मिएट लिटरला साडेनऊशे मिलिग्रॅमचं. सगळ्या व्हेसलचं मिळून २४० च्या जवळ, २८ अंशांना आणखी वर.

हे प्लांटवर पडताळूनही बघता येतं. पर्मिएटच्या मधल्या नळीत बारीक ट्यूब सारत जाऊन एलिमेंटनिहाय वाहकता घेतात, त्याला प्रोबिंग म्हणतात. मॉडेलचा उतार आणि प्रोबिंगचा उतार जुळला तर फ्लक्सची वाटणी बरोबर आहे. मधेच एकदम उडी दिसली तर ओ-रिंग फाटलीय. ते मॉडेलने दाखवायचं कामच नाही.

आता फाउलिंग फॅक्टर

वरचं सगळं झाल्यावर उरलेला फरक त्याच्या नावावर टाका, तोही क्रमाने. आधी व्हेसलच्या दोन टोकांमधल्या दाबफरकावरून घर्षणाचा गुणक, मग पर्मिएटच्या वाहकतेवरून 'बी', आणि सगळ्यात शेवटी 'ए'. तिन्ही एकदम फिट केलेत तर ते एकमेकांची पापं झाकतात. प्लांटची नोंद घेताना ती एएसटीएम डी ४५१६ प्रमाणे प्रमाणित करून घ्या, नाहीतर जानेवारीतलं थंड पाणी फाउलिंग समजलं जाईल. वर्ष-दोन वर्षं चाललेल्या समुद्री मेम्ब्रेनला ०.८ ते ०.९ चा फॅक्टर मला पटतो. ०.६ दिसला तर मी क्षारतेच्या मीटरकडे परत जातो.

ऑप्टिमायझर रिकव्हरी पार खाली नेतोय

कारण त्याला तेच सांगितलंय. फक्त आरओची वीज कमी करायची तर कमी रिकव्हरी केव्हाही फायद्याची, ब्राइन पातळ राहतं. फीडवरचा खर्च घाला. उपसा आणि पूर्वप्रक्रिया मिळून घनमीटर फीडमागे ०.३ युनिट धरली, तर ३० टक्के रिकव्हरीला पर्मिएटमागे १ युनिट पडतं, ४५ टक्क्यांना ०.६७. बूस्टरचा जादा प्रवाह मिळवला की पातळ ब्राइनमुळे वाचलेली ०.३९ युनिट बुडतात. मेम्ब्रेनच्या क्षेत्रफळालाही किंमत लावा, नाहीतर तो फ्लक्स शून्याकडे नेऊन अमर्याद मेम्ब्रेन मागेल.

खारपाणपट्ट्यासाठी हे मॉडेल जसंच्या तसं नको

पूर्णा खोऱ्यातल्या, अकोला-अमरावती-बुलढाण्याच्या खाऱ्या भूजलासाठी कोणी हीच शीट उघडणार असेल तर थोडं थांबा. लिटरला ३ ग्रॅमच्या पाण्याचा ऑस्मॉटिक दाब दोन बारच्या आसपास, ७५ टक्के रिकव्हरीलाही ब्राइन आठ बारच्या घरात. तिथे पारगम्यता खरंच वीज वाचवते (वरच्याच अभ्यासात तिप्पट 'ए'ला ४६ टक्के), व्हेसलमधली दाबघट मोठा वाटा खाते आणि टप्पे दोन लागतात. शेवटच्या एलिमेंटची तपासणी मात्र तिथेही पहिलीच. फक्त निव्वळ दाबाऐवजी जिप्सम, कॅल्शियम कार्बोनेट आणि सिलिकाची संपृक्तता बघायची. रिकव्हरी किती चढवता येईल ते त्या तीन आकड्यांवर ठरतं, आणि त्यासाठी टीडीएसचा एक आकडा पुरत नाही, आयननिहाय पूर्ण विश्लेषण लागतं.